माझ्या जागेवर माणूस पाहिजे

'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?' असा प्रश्न त्या कागदावर छापला होता आणि खाली सहा रिकाम्या ओळी होत्या. माझ्या शेजारच्या बाईनं चारेक ओळी भराभर लिहून टाकल्या. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. पाच वर्षांनी मी कुठे असेन हे मला चांगलं माहीत होतं. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या मशीनशॉपच्या ऑफिसात, खिडकीजवळच्या टेबलाशी, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात मालाचं कुठलं तरी चलन धरून ट्रकवाल्याला विचारत असेन, की बाबा, तू नक्की आहेस कुठे? पण मार्गदर्शन करणाऱ्या बाईंना हे उत्तर नको होतं, एवढं मलाही कळत होतं.

ते शिबिर राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये होतं. 'महत्त्वाकांक्षी महिलांसाठी करिअर मार्गदर्शन' असं त्याचं पत्रक पेपरातून घरात आलं होतं. मी ते दोन दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवलं. महत्त्वाकांक्षी हा शब्द आमच्या घरात मुलीला निबंधात लागला तर लागतो, एरवी कुणी वापरत नाही. मी महत्त्वाकांक्षी आहे की नाही हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली होती. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, मी उचलला, आणि पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, साहेबांना द्या ना जरा. पाच वर्षं त्यांच्याशी मेलवर बोलतोय. इतकं मुद्देसूद लिहितात, म्हटलं एकदा आवाज तरी ऐकावा." ते मेल मी लिहिले होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे. खाली नाव मात्र मामांचं, कारण पत्ताच त्यांच्या नावाचा. मी "देते हं" म्हणाले आणि फोन मामांकडे दिला.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. त्यांनी एका जुन्या लेथवर काम सुरू केलं आणि वाढवत वाढवत बावीस माणसांचं मशीनशॉप केलं. फौंड्रीतून ओतलेले ओबडधोबड भाग आमच्याकडे येतात, ते घासून, भोकं पाडून, मापात बसवून आम्ही पुढच्या कारखान्याला देतो. माझा नवरा मशीनवरचं बघतो. मामा माणसं बघतात. लग्न होऊन आले तेव्हा मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आले होते. मामा म्हणाले, "शिकल्यालीस न्हवं? मग बस की जरा ऑफिसात. घरात करमायचं न्हाय तुला." त्या 'जरा'ची अकरा वर्षं झाली.

शिबिराला जायला मी खोटं बोलले. आमची सुट्टी सोमवारी आणि शिबिर रविवारी, म्हणजे कामाच्या दिवशी. दाढ दुखतेय, डॉक्टरकडे जाऊन येते, असं सांगून मी बाहेर पडले. आमच्या घरात खोटं बोलणं तसं अवघड आहे, कारण मामा खोटं बोलत नाहीत. माल उशिरा जाणार असला की दुसरे लोक गाडी पंक्चर झाल्याचं सांगतात. आमचे मामा सांगतात, "आमचं चुकलंय, परवा देतो." त्यांच्या या सवयीपायी मला किती मेल लिहावे लागलेत ते माझं मला ठाऊक. त्या संध्याकाळी घरी आले तर त्यांनी माझ्यासाठी लवंगेचं तेल आणून ठेवलं होतं. मी ते बोटावर घेऊन चांगल्या धडधाकट दाढेला लावलं. जीभ बधीर झाली आणि त्या दिवशी कशालाच चव लागली नाही.

मार्गदर्शन करणाऱ्या बाई पुण्याहून आल्या होत्या. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत, बाई मनापासून बोलत होत्या. आधी ध्येय ठरवा, मग रस्ता आपोआप दिसेल, असं म्हणाल्या. स्वतःच्या कामाबद्दल बोलायला लाजू नका, म्हणाल्या. मग त्यांनी आम्हाला आपण केलेल्या तीन मोठ्या कामांबद्दल लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'आम्ही गिऱ्हाइकाकडून परत येणारा माल निम्म्यावर आणला.' बाई माझ्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या, वाचलं आणि 'आम्ही'वर काट मारून वर 'मी' लिहिलं.

"तुम्हीच केलंत ना?" त्यांनी विचारलं.

आता काय सांगायचं? कुठल्या मशीनवरून खराब माल येतो ते सहा महिने रोज वहीत लिहून मी शोधून काढलं होतं. पण ते मशीन दुरुस्त केलं नवऱ्यानं. दोन दिवस काम बंद ठेवायला परवानगी दिली मामांनी. मग 'मी' लिहिलं की चोरी केल्यासारखं वाटतं. आणि 'आम्ही' लिहिलं तर त्या आम्हीमध्ये मी नेमकी कुठे बसलेय ते दिसत नाही. बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या तेव्हा मी 'मी' खोडून परत 'आम्ही' लिहिलं. घरी येईपर्यंत तेही खोडलं होतं. कागदाला भोक पडलं.

रात्री आईला फोन केला. माझं माहेर नेसरीचं. आई शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोडगा असतो. मी तिला सांगितलं, की बाई म्हणतात आधी ध्येय ठरवा. आई म्हणाली, "चंदगडकडनं येणारी एस.टी. आपल्या नेसरीला कधी रिकामी आलीया व्हय? आधी चढून घ्यावं. जागा मागनं मिळतीया." मी म्हणाले, "आणि बस भलतीकडेच गेली तर?" त्यावर ती म्हणाली, "पाटी वाचून चढ की. एवढी शिकलीस कशाला?" एकीकडे पुण्याची बाई, एकीकडे नेसरीची आई. दोघींचंही पटलं आणि मी आणखीच गोंधळले.

तरी अर्ज केला. कागलकडच्या एका मोठ्या कारखान्यात गिऱ्हाइकांशी व्यवहार सांभाळायला माणूस हवा होता. काम वाचलं तर मी रोज करते तेच, फक्त आमच्या पाचपट मोठं. मुलाखतीला जाताना पुन्हा दाढ दुखली. दुसऱ्या फेरीला पुन्हा दुखली. तेव्हा मामा हिशेबाचा चष्मा काढून म्हणाले, "किती दाढा हायत गं तुला?" मी हसून वेळ मारून नेली.

मुलाखत मात्र झकास झाली. समोर तिघं होते. त्यांनी विचारलं, गिऱ्हाईक चिडलं तर काय करता? मी म्हणाले, आमचं चुकलं असेल तर आमचं चुकलं म्हणून आधी सांगते, मग माल कधी देणार ते सांगते, आणि त्या दिवशी देते. त्यातले दोघं एकमेकांकडे बघून हसले. बाहेर पडताना मला वाटलं, हे उत्तर माझं होतं की मामांचं? पण तेव्हा ते तपासायला मला वेळ नव्हता. मी आनंदात होते. किती तरी दिवसांनी नुसत्या स्वतःच्या कारणानं आनंदात होते.

सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, फोन आला. मी स्वयंपाकघरात वाटण वाटत होते. कारखान्यातली एचआरची मुलगी होती, आवाजावरून पंचविशीतली. "अभिनंदन मॅडम, तुमची निवड झालीय. फक्त आधीच्या कंपनीचं अनुभवाचं पत्र आणि कामातून मोकळं केल्याचं पत्र, दोन्ही एकत्र चालेल, शनिवारपर्यंत पाठवा. त्याशिवाय ऑफर लेटर निघत नाही."

"आधीची कंपनी," मी म्हणाले.

"हो मॅडम, जिथे तुम्ही आता काम करता."

आधीची कंपनी माझ्यासमोर, बाहेरच्या सोप्यात बसून पेपर वाचत होती. मी खोबऱ्याचा हात धुतला आणि त्याच पावली बाहेर जाऊन सगळं सांगून टाकलं. शिबिर, अर्ज, दोन्ही मुलाखती, दाढ. भांडणाची तयारी मी मनात केव्हाच करून ठेवली होती. ते काय म्हणतील आणि त्यावर मी काय म्हणेन, अशी वाक्यं पाठ होती. घराण्याची अब्रू म्हणाले तर हे, मुलीचं कोण बघणार म्हणाले तर ते.

मामा म्हणाले, "जा की. कोण नको म्हणतंय?"

माझी पाठ केलेली वाक्यं सगळी वाया गेली. मला बरं वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला राग आला. अकरा वर्षांचं माणूस चाललंय आणि हे नुसतं 'जा की' म्हणतात! त्यांनी नको म्हणायला हवं होतं का मला? तसंही नाही. पण इतकं सहज?

मग मी पत्राचं सांगितलं. मामांनी पेपर खाली ठेवला.

"कसलं लेटर?"

"मी आपल्याकडे अकरा वर्षं काम केलं, असं."

"मस्टरला तुझं नाव हाय?"

मस्टर म्हणजे कामगारांच्या हजेरीचं पुस्तक. दर महिन्याला ते मीच भरते. त्यात माझं नाव नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

"न्हाय," मी म्हणाले. रागात मीही त्यांच्यासारखीच बोलते.

"मग मी लिवू कसं? मस्टरला नाव न्हाय, पगार न्हाय, नेमणूक न्हाय. उद्या कुणी इचारलं, तर काय दावू? खोटं सर्टिफिकेट मी सख्ख्या भाच्याला दिलं न्हाय, तुला म्हाईत हाय."

माहीत होतं. सगळ्या गोताला माहीत होतं. मामांच्या बहिणीच्या मुलाला कुठल्याशा भरतीसाठी दोन वर्षांच्या अनुभवाचा कागद हवा होता. मामांनी त्याला सांगितलं, दोन वर्षं काम कर, मग देतो. तो काही आला नाही आणि बहीण दोन वर्षं भाऊबीजेला आली नाही. मामा दोन्ही वर्षी ओवाळणीचं ताट तसंच ठेवून जेवायला बसले. असा माणूस. आता त्यांच्या हिशेबात भाचा आणि मी एकाच रांगेत उभे होतो.

"पण मी काम केलंय की, मामा!"

"व्हय, केलंस की. घरचं काम घरचं माणूस करतंय. त्याला नोकरी म्हणत न्हाईत. नोकरी न्हाई ती न्हाई. तू कामाची न्हाईस असं कुटं म्हणतोय मी?"

सासूबाई आतून लसूण सोलत ऐकत होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "मला बी एक लेटर द्या म्हणावं. सत्तेचाळीस वर्षं झाली हितं." कुणी हसलं नाही. नवऱ्याकडे बघितलं तर तो म्हणाला, "दोघांचं बी बरोबर हाय." त्याच्या या वाक्यावर आमचा संसार उभा आहे आणि याच वाक्यावर तो कधी तरी मोडेल, असं मला त्या क्षणी वाटलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या कारखान्यात मी सगळ्यांच्या आधी गेले. कपाट उघडलं आणि स्वतःला शोधायला लागले. दुसरं काय म्हणणार त्याला? ऑर्डरींच्या फायली माझ्या अक्षरातल्या, पण सही मामांची. तपासणीचे अहवाल मी केलेले, सही नवऱ्याची. मेल तर सगळे मामांच्या नावानंच. गिऱ्हाइकांची उत्तरं 'आदरणीय साहेब' अशी. मग खंडेनवमीचे फोटो काढले. त्या दिवशी आमच्याकडे कारखान्यात पूजा असते. जो तो आपलं हत्यार धुऊन पुसून पाटावर आणून ठेवतो, कुणाचा पाना, कुणाचं मापाचं कॅलिपर, कुणाची कानस, आणि मामा एकेकावर हळदकुंकू वाहतात. मग सगळ्यांचा एकत्र फोटो. अकरा वर्षांचे अकरा फोटो होते. एकातही मी नव्हते, कारण फोटो मी काढत होते. आणि पाटावर माझं असं काहीच नव्हतं. काय ठेवणार? कीबोर्ड?

मी खुर्चीत बसून राहिले. मामा म्हणतात ते खरं असलं तर? मी खरंच काम केलं नसलं तर? नुसतं घरातलं माणूस म्हणून इकडून तिकडे वावरले, जशी लग्नघरात एखादी मावशी कंबर मोडेपर्यंत वावरते आणि नंतर तिला आठवत नाही तिनं काय केलं. त्या सकाळी मला खरोखरच सांगता येत नव्हतं.

दहाच्या सुमाराला मामा आले. काल काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं म्हणाले, "तू जाणार, तर तुझ्या जाग्यावर माणूस बघायला पायजे. जाहिरात लिव."

जाहिराती मीच लिहिते. वेल्डर पाहिजे, लेथ ऑपरेटर पाहिजे. मी कॉम्प्युटर सुरू केला.

"पाहिजे," मामा सांगायला लागले. "मॅनेजर."

माझी बोटं थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. सांगा."

"अनुभव किमान धा वर्षं."

"दहा कशाला? एवढा अनुभवी माणूस आपल्याकडं कशाला येईल?"

"त्याबिगर जमायचं न्हाय हे काम. इंग्लिश बोलता-लिवता यायला पायजे. ड्रॉइंग वाचता यायला पायजे. गिऱ्हाइकाला तोंड द्यायला पायजे. आणि माणूस इश्वासाचा पायजे. त्ये लिव."

मी लिहिलं. वाचून दाखवलं. मामांनी मान हलवली आणि ते मशीनकडे निघून गेले. मी त्या चार ओळींकडे बघत बसले. अकरा वर्षांत मला माझं पद कुणी सांगितलं नव्हतं. ते मला माझीच जागा भरायच्या जाहिरातीत कळलं, आणि ती जाहिरातही मीच टाइप केली. हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना. जाहिरात पेपरला पाठवून दिली, कारण त्या दिवशीची वेळ टळून गेली असती.

गुरुवारी ती छापून आली. शुक्रवारी सकाळी एक गृहस्थ आले, इचलकरंजीकडचे, पंचेचाळिशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. "या पावणं, बसा," मामा म्हणाले. मामांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, की येणाऱ्या माणसाला काम काय आहे ते लेखी दे, मागनं किटकिट नको. म्हणून मी कामांची यादी करून ठेवली होती. लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं अर्धं पान होईल. तीन पानं झाली. शिबिरात मला तीन कामं आठवत नव्हती आणि इथे हात थांबत नव्हता.

मी थर्मासमधला चहा ओतून त्या गृहस्थांपुढे कप ठेवला. त्यांनी माझ्याकडे न बघता तो घेतला आणि यादी वाचायला लागले. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्यावर आल्यावर चहा तसाच खाली ठेवला.

"साहेब, हे सगळं एकाच माणसानं करायचं?"

"व्हय."

"आधीचे मॅनेजर करत होते सगळं?"

"करत्यात की," मामा म्हणाले.

"किती वर्षं होते ते?"

"अकरा."

मी थर्मासचं झाकण लावत होते. ते नीट बसत नव्हतं.

गृहस्थ म्हणाले, "मग सोडून का चाललेत? नाही, म्हणजे मी जागा घेणार, तर मला कळायला पाहिजे. आणि शक्य असलं तर त्यांच्याशी एकदा बोलता येईल का? काम समजून घ्यायला."

दुसरा कुणी मालक असता तर म्हणाला असता, ते गावाला गेलेत. आमचे मामा माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मी अकरा वर्षं रोज बघितलाय, पण तसा कधी बघितला नव्हता. हिशेब लागत नसलेल्या माणसासारखा.

"बोला की," ते शेवटी म्हणाले. "ह्या काय. ह्याच हायत."

गृहस्थ ताडकन उभे राहिले. "माफ करा मॅडम. मला वाटलं..." मी म्हणाले, "असू दे. मलाही तसंच वाटत होतं." मग मी त्यांना तासभर सगळं समजावून सांगितलं. फायली दाखवल्या, कुठलं गिऱ्हाईक कशानं चिडतं ते सांगितलं. माणूस चांगला होता. जाताना मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि दुपारी फोन करून कळवलं, की जमणार नाही. हे दोन माणसांचं काम आहे, म्हणाले.

मी निरोप दिला तेव्हा मामा उठून आत गेले आणि त्यांच्या त्या पहिल्या लेथपाशी उभे राहिले. परत आले ते तोंड धुऊन, टॉवेलनं मान पुसत. माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसले. ती गिऱ्हाइकाची खुर्ची. तिच्यावर मामा कधी बसत नाहीत.

"लिव," ते म्हणाले. "तुझं लेटर. मी मराठीत सांगतो, तू विंग्रजीत घाल. पर एकेक ओळ मला मराठीत वाचून दाव."

"मस्टरला नाव नाही, मामा."

"न्हाय. ते माझं चुकलंय. त्ये लेटरात लिवायचं आसलं तर त्ये बी लिव."

मी ते लिहिलं नाही. "पद काय घालू?" मी विचारलं.

"जाहिरातीत काय घातलंय?"

"मॅनेजर."

"मग? जाहिरात खरी आणि लेटर खोटं, आसं कसं चालंल?"

"कधीपासून?"

"लगीन झाल्यावर पंधरा दिसांनी आलीस तू. हळद उतरली न्हवती हाताची. त्या दिवशी फौंड्रीवाल्याची गाडी उलटी लागलीती, आणि तू बाहीर जाऊन ड्रायव्हरवर वरडलीस." मला हे आठवतही नव्हतं. त्यांना आठवत होतं. मी तारीख काढून घातली.

कामांची यादी घातली. शेवटी सगळ्या पत्रांत असते तशी 'त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा' ही ओळ टाकली आणि वाचून दाखवली.

"शुभेच्छा राहू दे," मामा म्हणाले. "त्याच्या खाली लिव, ह्यांच्या जागेवर अजून माणूस मिळालेला नाही."

"मामा, असं लिहीत नाहीत पत्रात."

"खोटं हाय?"

"नाही."

"मग लिव."

मी टाइप केलं. मला रडू आलं आणि त्याच वेळी भयंकर राग आला. हे वाक्य या माणसाला अकरा वर्षांत एकदा, जेवताना सुद्धा, म्हणता आलं नसतं का? आणि मी तरी कधी विचारलं होतं का? छापलेला कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून न कळणारं इंग्रजी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बघितलं आणि सावकाश सही केली. पेनाला टोपण लावत म्हणाले, "आणि दाढेचं परत सांगू नगंस. मी पयल्या दिवशीच वळखलंतं. दाढ दुखणारं माणूस चार भाकऱ्या खात न्हाय."

मोकळं केल्याची तारीख मात्र त्यांनी सांगितली नाही आणि मी विचारली नाही. ती जागा कोरीच राहिली.

शनिवारी सकाळी पत्र पाठवलं. तासाभरात त्या एचआरच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, पत्र मिळालं. एक शेवटची तारीख राहिलीय, ती सांगा, मी नोंद करून घेते. आणि मॅडम, ते शेवटचं वाक्य... म्हणजे आमचे साहेब विचारत होते, ही तुमची शिफारस आहे की तक्रार?"

"ते मलाही कळलेलं नाही," मी म्हणाले.

ती हसली. "बरं. मग एक तारखेला येताय ना?"

मी हो म्हणाले. शेवटची तारीख महिनाअखेरची सांगितली. फोन ठेवला आणि वळले तर मामा दारात उभे.

"काय म्हणाली?"

"एक तारखेला बोलावलंय."

"बरं," ते म्हणाले. जरा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "मग जाहिरात परत द्यायला पायजे. आणि या खेपेला दोन माणसं पायजेत म्हणून लिव."

मी खुर्ची पुढे ओढली आणि लिहायला बसले.